पाण्याखालचं गाव जुन्या नकाशावर शोधताना

बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेला असाल तर ज्या पाण्यावरून गेलात त्याच्या खाली गावं आहेत, शेतं, विहिरी, बांध सगळं. कोयना धरण १९६४ ला पूर्ण झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला आणि खोऱ्यातली माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे पांगली. त्यांच्या नातवंडांना मूळ गावाचं नाव माहीत असतं, पण ते नेमकं कुठं होतं ते मोबाइलवरच्या मॅपमध्ये दिसत नाही, तिथं नुसतं निळं पाणी.

अशा वेळी जुनी टोपोशीट काढायची, म्हणजे डोंगर, नद्या, वाटा, गावं दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट्सवरून यू-५०२ नावाची मालिका काढली, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर ती फुकट मिळते. स्केल १:२,५०,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, त्यामुळे लहान वाडी सापडेलच असं नाही, पण धरणाआधीची नदी त्यात नदीसारखी वळणं घेत जाताना दिसते. मग वासोटा, कड्याची टोकं असे न हललेले पॉइंट धरून ही शीट गूगल अर्थवर पसरवायची. धरणाने नदी बुडते, डोंगर तिथंच राहतात, म्हणून हे जमतं.

आता समोच्च रेषा बघा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेघा. त्या चिकटून आल्या की कडा, लांब लांब असल्या की सपाटी, आणि गाव बहुतेक वेळा सपाटीलाच, ओढ्याच्या जवळ पण पुराच्या वर. सर्व्हेच्या १:५०,००० च्या शीटवर तर उठलेल्या गावालाही वेगळी खूण असते, ज्याला महसुली कागदात बेचिराख म्हणतात ते.

मला सगळ्यात आवडतात त्या बैलवाटा आणि खिंडी. वंशावळीत आजीचं माहेर घाटाखाली कोकणात निघालं की आपण चक्रावतो, एवढ्या लांब सोयरीक कशी झाली म्हणून, पण शीटवर बघितलं तर गावामागूनच वाटेची तुटक रेघ चढते, खिंडीतून पलीकडे उतरते, आणि तालुक्याच्या गावापेक्षा कोकणच जवळ असतं! शीटची प्रिंट काढून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा आणि आधी गावाचं नाही, ओढ्याचं नाव विचारा.