मृत ओळींची साफसफाई: ऑटोव्हॅक्यूमची पार्श्वभूमी

सर्व्हर मंदावला की पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीचे अनेक प्रशासक प्रथम ऑटोव्हॅक्यूमवर, म्हणजे टेबलांतील निरुपयोगी जुन्या ओळी आपोआप साफ करणाऱ्या यंत्रणेवर, संशय घेतात आणि ते बंद करून पाहतात. ही सवय घातक असली तरी तिला इतिहास आहे, कारण एके काळी हा संशय रास्तच होता.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कली येथे सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात ओळ बदलताना जुन्या ओळीवर नवी लिहायची नाही, जुनी तशीच ठेवून नवी आवृत्ती शेजारी जोडायची, असे ठरले होते. कोणत्याही गतकाळातील माहिती विचारता यावी, हा त्यामागचा एक हेतू. ‘व्हॅक्यूम’ची मूळ कामगिरी या जुन्या आवृत्त्या संग्रहात हलवण्याची होती, म्हणजे ज्याला आज आपण सफाई कामगार समजतो, तो मुळात अभिलेखपाल होता. गतकाळात डोकावण्याची ही सोय १९९७ च्या सुमारास काढून टाकण्यात आली, परंतु साठवणुकीची पद्धत कायम राहिली आणि १९९९ च्या ६.५ आवृत्तीत तिच्याच आधारे वाचणारा व लिहिणारा एकमेकांना अडवणार नाहीत अशी व्यवस्था उभी राहिली. त्याची किंमत म्हणून प्रत्येक बदलामागे एक मृत, म्हणजे आता कोणालाच न लागणारी, ओळ टेबलात पडून राहू लागली.

त्या काळी व्हॅक्यूम चालू असताना संपूर्ण टेबलावर लॉक लागत असे, म्हणजे इतरांना ते वापरता येत नसे, त्यामुळे ते काम क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावून रात्री उरकणे हाच शहाणपणा होता. २००२ च्या ७.२ आवृत्तीने असे लॉक न घेता सफाई करण्याची रीत आणली. त्याच आवृत्तीने आणखी एक गंभीर प्रश्न सोडवला. ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे डेटाबेसमधील प्रत्येक व्यवहाराचा, क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४०० कोटींनंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि सुमारे २०० कोटी व्यवहारांच्या आत जुन्या ओळी ‘गोठवल्या’ नाहीत, म्हणजे त्यांवर कायमच्या जुन्या अशी खूण केली नाही, तर त्या भविष्यातल्या ठरून दिसेनाशा होतात. ७.२ पूर्वी यावर डेटाबेस नव्याने उभारून सर्व माहिती पुन्हा भरणे, एवढाच उपाय होता. म्हणून व्हॅक्यूम टाळणे म्हणजे फक्त डिस्क फुगू देणे नव्हे, हे आजही सांगावे लागते.

स्वयंचलनाची वाटचाल सावध होती. २००३ मध्ये ते मूळ प्रणालीबाहेरचा जोडप्रोग्रॅम म्हणून आले, २००५ च्या ८.१ आवृत्तीत गाभ्यात सामावले गेले तरी बंद अवस्थेतच दिले जाई, आणि २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून आपोआप सुरू राहू लागले. त्यानंतरची सुधारणा मुख्यतः अनावश्यक वाचन टाळण्याची होती: २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून पूर्णपणे गोठलेली पाने (टेबल साठवण्याचे ठरावीक आकाराचे तुकडे) व्हॅक्यूम वगळू लागले.

एक जुनी अडचण मात्र बराच काळ टिकली. टेबलातील सुमारे २० टक्के ओळी मृत झाल्यावर सफाई सुरू करण्याचा पूर्वनिर्धारित नियम लहान टेबलांना सोयीचा असला, तरी १०० कोटी ओळींच्या टेबलाला २० कोटी मृत ओळी साचेपर्यंत थांबायला लावी, त्यामुळे अनुभवी प्रशासक अशा टेबलांसाठी हा आकडा स्वतंत्रपणे कमी करीत आले. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत या उंबरठ्याला अखेर १० कोटी मृत ओळींची पूर्वनिर्धारित कमाल मर्यादा घालण्यात आली.