तळणीचं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे
ठाण्यात वडापावच्या गाडीवर काळं पडलेलं तेल दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "गाळून टेम्पोत ओता, झालं बायोडिझेल!" नाही हो. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट. इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलमधून नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, काजळी धरते. बायोडिझेलसाठी तेलात मिथेनॉल आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घालून गरम करतात. तळाशी गडद, चिकट ग्लिसरीन बसतं. वरचं पातळ, पिवळसर द्रव धुऊन सुकवलं की ते बायोडिझेल. लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा थोडी कमी, पण गंधक जवळजवळ नाहीच.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, हा दाखला हमखास येतो. खरा आहे. पण त्या काळच्या इंजिनांत इंधन दाबाच्या हवेने उडवत; आजच्या इंजेक्टरची, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं तिथे नव्हती.