ग्रोनिंगनच्या भिंतींना गेलेले तडे

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतात, हाउझिंगे या गावाजवळ, १६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेच्या परिसरात राहणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल; पण या धक्क्याचा उगम जमिनीखाली जेमतेम ३ किलोमीटरवर होता, वरची चिकणमाती मऊ असल्याने हादरा वाढत गेला, आणि तिथली विटांची घरे भूकंपाचा विचार न करता बांधलेली होती, कारण त्या भागाला नैसर्गिक भूकंपांची सवयच नव्हती.

भूकंपाचे कारण नैसर्गिक वायूचा उपसा हे होते. १९५९ साली स्लोख्टेरेनजवळ सापडलेल्या या साठ्यात सुमारे २,८०० अब्ज घनमीटर वायू होता आणि १९६३ पासून तो काढला जात होता. भूगर्भात वायूने भरलेली एखादी गुहा असते, ही समजूत बरोबर नाही. वायू असतो तो वालुकाश्माच्या कणांमधल्या सूक्ष्म छिद्रांत. वरच्या ३ किलोमीटर खडकाचे ओझे काही अंशी हे कण पेलतात आणि काही अंशी छिद्रांतल्या वायूचा दाब. ग्रोनिंगनमध्ये हा दाब सुरुवातीला वातावरणाच्या सुमारे ३५० पट होता. उपशाबरोबर तो घटत गेला, ओझे कणांवर येत गेले आणि थर दबू लागला. साठ्याच्या मध्यभागी जमीन ३० सेंटिमीटरहून अधिक खचली आहे. ती सगळीकडे सारखी आणि सावकाश खचती, तर कदाचित कोणाच्या ध्यानातही आले नसते. मात्र या थराला जुने भ्रंश, म्हणजे खडक ज्यांच्यावरून सरकू शकतो अशा भेगा, छेदून जातात. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचा खडक कमीअधिक दबला की तिथे ताण साचतो आणि खडक अचानक सरकतो. (कोयनेत जलाशय भरल्यावर भूकंप सुरू झाले, इथे साठा रिता केल्यावर, भ्रंशावरचा ताण दोन्ही रीतींनी बिघडू शकतो.)

मेंट व्हॅन डर स्लाउस या भूगोलतज्ज्ञाने हा संबंध १९८० च्या दशकातच सुचवला होता, तेव्हा त्याला गांभीर्याने घेतले गेले नाही. हा संबंध अधिकृतपणे मान्य व्हायला १९९३ उजाडले. हाउझिंगेच्या धक्क्यानंतर, जानेवारी २०१३ मध्ये, खाणकामावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने उपसा शक्य तितक्या लवकर कमी करावा असा सल्ला दिला. त्याच वर्षी उपसा जवळपास ५४ अब्ज घनमीटरवर गेला, म्हणजे वाढला. या वायूने सरकारी तिजोरीत एकूण सुमारे ३६० अब्ज युरो घातले आहेत, हे लक्षात घेतले की या विसंगतीचा उलगडा होतो.

तेल-वायूच्या प्रदेशाचे सामाजिक आरोग्य मोजताना आपण बहुधा रोजगार आणि महसूल पाहतो. ग्रोनिंगनमध्ये माणसे खचली ती वेगळ्याच ठिकाणी. भिंतीला तडा गेला की तो भूकंपामुळेच गेला हे घरमालकाने सिद्ध करायचे, आणि तेही ज्या कंपनीने वायू काढला तिच्यापुढे. २०१६ च्या अखेरीस कायदा बदलला आणि पुराव्याची जबाबदारी उलटली, तरी तज्ज्ञांच्या फेऱ्या, अहवाल आणि वाट पाहणे संपले नाही. नियम आणि धोका मोजायची गणिती प्रारूपे वारंवार बदलत राहिल्याने शेजारशेजारच्या घरांपैकी एकाला मजबुतीकरण मिळाले आणि दुसऱ्याला नाही, अशा प्रसंगांनी गावातला एकोपाही तडकला. ज्यांच्या घरांचे पुन्हापुन्हा नुकसान झाले, त्यांचे आरोग्य आणि सरकारवरचा विश्वास दोन्ही घटल्याचे ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवले आहे. माझ्या मते रिश्टरच्या आकड्याइतकेच महत्त्व अर्जाच्या निकालाला लागणाऱ्या वर्षांना द्यायला हवे.

जानेवारी २०१८ मध्ये झेराइपजवळ ३.४ तीव्रतेचा धक्का बसल्यावर सरकारने उपसा बंद करण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदीय चौकशी समितीने ग्रोनिंगनकरांच्या हिताकडे सातत्याने दुर्लक्ष झाल्याचे नमूद केले, आणि त्यानंतर सरकारने ३० वर्षांत २२ अब्ज युरो देण्याची योजना जाहीर केली. तिचे ‘नेइ बेगुन’, म्हणजे नवी सुरुवात, हे नाव स्थानिक बोलीतले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उपसा थांबला आणि २०२४ मध्ये ही बंदी कायद्याने कायमची झाली. साठ्याच्या वेगवेगळ्या भागांतला दाब अजून एकसारखा होत असल्याने लहान धक्के मात्र सुरूच आहेत, आणि मजबुतीकरणाच्या यादीतली सगळी घरे अद्याप पुरी झालेली नाहीत.