क्लाऊनफिश : घरगुती मत्स्यालयातील संगोपन

क्लाऊनफिश हा हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पश्चिम प्रशांत महासागर येथील उथळ, उबदार पाण्यात समुद्रपुष्पांच्या (फुलासारख्या दिसणाऱ्या, दंश करणाऱ्या सागरी प्राण्यांच्या, म्हणजे सी ॲनिमोनच्या) आश्रयाने राहणारा लहान मासा आहे. पोमासेंट्रिडी कुलात त्याच्या सुमारे ३० जाती आहेत. अटलांटिक महासागरात तो आढळत नाही. घरी पाळण्यासाठी ऑसेलॅरिस आणि पर्क्युला या दोन नारिंगी-पांढऱ्या जाती सर्वाधिक निवडल्या जातात. ‘मॅरून’ नावाच्या जातीचा मासा आकाराने मोठा आणि फार भांडखोर असल्यामुळे नवशिक्याने तो टाळावा.

हा मासा दीर्घायुषी आहे, ही गोष्ट विकत घेणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसते. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळील पर्क्युला माशांच्या अभ्यासावरून २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी मादीचे आयुष्य सुमारे ३० वर्षांपर्यंत जाऊ शकते असा अंदाज मांडला. एवढ्या आकाराच्या माशाकडून जितक्या आयुष्याची अपेक्षा असते, त्याच्या हे सहापट आहे. समुद्रपुष्पाच्या दंशकारी शुंडकांमुळे शिकारी मासे जवळ येत नाहीत, हे यामागचे मुख्य कारण मानले जाते. टाकीत शिकारी नसतातच. त्यामुळे नीट सांभाळलेली जोडी दहा-पंधरा वर्षे सहज जगते आणि काही मासे विशीही ओलांडतात. घरातला क्लाऊनफिश वर्षा-दोन वर्षांत दगावला, तर कारण म्हातारपण नव्हे. ते पाण्यात किंवा बाहेरून आलेल्या रोगात शोधावे.

पाण्याची तयारी मासा आणण्याच्या बरीच आधी सुरू होते. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा पीएच जास्त असल्याने गोड्या पाण्याच्या तुलनेत अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या टाकीत जी घाई कदाचित खपून जाते, ती येथे जीव घेते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे टेस्ट किटने पाहिल्याशिवाय मासा आणूच नये. ऑसेलॅरिसच्या जोडीला किमान ७५ ते ८० लिटरची टाकी लागते. शंभर लिटरच्या पुढे गेल्यास उत्तम, कारण जास्त पाण्यात चुकांचा परिणाम सावकाश होतो.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, सापेक्ष घनता (पाण्याच्या क्षारतेचे माप) १.०२३ ते १.०२६ आणि पीएच ८.० ते ८.४ असावा. मात्र आदर्श आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा आकडा स्थिर ठेवणे जास्त मोलाचे असते. आज १.०२२, उद्या १.०२७ अशी हेलकावणारी क्षारता माशाला झिजवते, आणि हे बहुधा बाष्पीभवनामुळे होते. वाफ होऊन पाणी जाते, मीठ मात्र टाकीतच राहते. त्यामुळे रोजची तूट खारे पाणी घालून कधीही भरू नये. त्यासाठी आरओचे गोडे पाणीच वापरावे. खारे पाणी घालायचे ते पाणी बदलताना. दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंधरा टक्के पाणी काढून, आदल्या दिवशी मीठ विरघळवून ठेवलेले त्याच तापमानाचे पाणी भरावे. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण बाष्पीभवनही वाढते हे लक्षात ठेवावे. वीज गेल्यावर पाण्यातला ऑक्सिजन वेगाने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवाच. टाकीवर जाळीचे झाकण असावे. घाबरलेला मासा बाहेर उडी मारतो.

रोगांच्या बाबतीत सर्वांत मोठे संरक्षण क्वारंटाइनचे आहे. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवावा. क्लाऊनफिशचा खास शत्रू म्हणजे ब्रुकलिनेला हा सूक्ष्म परजीवी. त्याची लागण झाली की अंगावर जाड चिकट पापुद्रा येतो, त्वचा सोलल्यासारखी दिसते, श्वास जोरात चालतो आणि उपचार न झाल्यास मासा काही दिवसांतच मरतो. यावर फॉर्मेलिनचा उपचार करतात. हे रसायन माणसालाही घातक असल्याने हातमोजे घालून आणि हवेशीर जागीच वापरावे. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे, तर सोनेरी धुळीसारखा थर हे मरीन व्हेल्व्हेट या परजीवीजन्य रोगाचे लक्षण. या दोन्हींवर तांब्याची औषधे चालतात, पण ती मुख्य टाकीत टाकल्यास प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. परजीवी मुख्य टाकीतूनही जावेत यासाठी ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. समुद्रातून पकडलेले मासे हे रोग वारंवार सोबत आणतात. म्हणून हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) जन्मलेलाच मासा घ्यावा. तो टाकीतले खाद्य लगेच घेतो आणि प्रवाळ खडकांवरचा भारही त्याने वाढत नाही.

क्लाऊनफिशला समुद्रपुष्प लागतेच, हा समज खोडून काढायला हवा. शिकारी नसलेल्या टाकीत त्याची गरज नसते. समुद्रपुष्प स्वतःच फार नाजूक असते. त्याला तीव्र प्रकाश आणि निदान सहा महिने मुरलेली टाकी लागते. जागा शोधत फिरताना ते पंपात अडकून चिरडले, तर त्याच्या अवशेषांनी पाणी नासते आणि मासेही जातात. ठेवायचेच असेल तर बबल-टिप प्रकार त्यातल्या त्यात सोपा. अनेक मासे मऊ प्रवाळातही आनंदाने घर करतात.

खाद्यात विविधता ठेवावी. चांगल्या प्रतीच्या पेलेट्स, गोठवलेली मायसिस आणि ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे छोटे जलजीव), सोबत थोडे स्पिरुलिनासारखे शैवालाचे खाद्य असावे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

सर्व क्लाऊनफिश जन्मतः नर होण्याच्या क्षमतेचे असतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर, आणि बाकीचे प्रजननापासून दूर राहतात. धाकटे मासे वरच्या माशाला आव्हान वाटू नये म्हणून स्वतःची वाढ रोखून धरतात, असे आढळले आहे. म्हणून जोडी लावताना एक थोडा मोठा आणि एक लहान, असे दोन कोवळे मासे एकत्र सोडावेत. दोन प्रौढ माद्या एका टाकीत टाकल्यास त्या एकमेकींना मरेपर्यंत चावतात. लहान टाकीत तीन किंवा अधिक ठेवले, तर जोडी जमताच उरलेल्यांचा छळ सुरू होतो. मादी आधी मेली तर नर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मादी बनतो. मादी मात्र पुन्हा नर होत नाही. त्यामुळे मागे कोणीही उरला, तरी नवा जोडीदार त्याच्याहून बराच लहान आणि कोवळाच आणावा, आणि पहिले काही दिवस दोघांमध्ये छिद्रांची पारदर्शक भिंत ठेवावी.