वाळवंटातल्या डोंगरावर तंबू कुठे लावावा?

वाळवंटातल्या डोंगरावर हिवाळ्यात चढाई करायची म्हटली की सगळा विचार शिखराच्या उंचीभोवती फिरतो. जितकं वर तितकी थंडी, हे गणित सगळ्यांना पाठ असतं आणि भर दिवसा ते बरोबरही येतं. कोरडी हवा वर चढते तेव्हा दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसने थंड होते. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा तळ, म्हणजे बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे आणि त्याच्यावर उभं असलेलं टेलिस्कोप शिखर आहे ३,३६६ मीटर उंच. खाली बाह्या दुमडून फिरावं आणि त्याच वेळी माथ्यावर बर्फ असावा, हे तिथे हिवाळ्यात नेहमीचंच. सूर्य मावळला की मात्र हे गणित बिघडतं. रात्र किती बोचेल हे मुक्कामाच्या जागेवर ठरतं, आणि ती जागा नीट निवडता येणं मला महागड्या स्लीपिंग बॅगेहून मोलाचं वाटतं.

सुरुवात आकाशापासून करावी लागेल. जमीन, कातळ, तंबूचं कापड, आपण स्वतः, सगळेच सतत अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असतात. हवेतली पाण्याची वाफ आणि ढग त्यातला बराच भाग शोषून पुन्हा खाली पाठवतात. वाळवंटात वाफ अगदी थोडी आणि ढग बहुधा नसतातच. त्यामुळे निरभ्र रात्री जमिनीची उष्णता मोठ्या प्रमाणात थेट अवकाशात निघून जाते. खालून भरपाई होईल म्हणावं, तर सुट्या कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि अशी वाळू उष्णता फार हळू वाहून नेते. म्हणून दुपारी चटका देणारी वाळू मध्यरात्री गारठून जाते. अखंड कातळाचं तसं नसतं. दिवसाची ऊब तो खोलवर साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो.

आकाशाकडे उघडी असलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेचं तापमान शून्याच्या दोन अंश वर असतानाही तंबूच्या छतावर दहिवर गोठलेलं दिसतं, ते यामुळेच. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ मध्ये दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके तो रात्री बाहेर ठेवायचा, काही उघड्यावर, काही फळीच्या आडोशाला, आणि सकाळी वजन करून कोणावर किती दव पडलं ते पाहायचा. आडोशाच्या पुंजक्यांवर दव कमी भरायचं. झाडाखाली किंवा पक्क्या कातळाच्या आडोशाला झोपलेल्या माणसाला रात्र सौम्य जाते, त्याचंही कारण हेच. (वरून दगड सुटण्याची शक्यता असेल तर हा आडोसा अर्थातच नको.)

गारठलेल्या जमिनीला टेकलेली हवाही गारठते, जड होते आणि उताराने पाण्यासारखी खाली वाहू लागते. घळींतून उतरते, कोरड्या ओढ्यांतून पुढे सरकते आणि खोलगट भागात तळ्यासारखी साचते. पहाटे दरीच्या तळाशी सर्वांत जास्त थंडी आणि मधल्या उतारावर त्याहून कितीतरी ऊब, असं उलटं चित्र तयार होतं. झाडांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. ॲरिझोनातल्या टूसॉनभोवतीचे उंच खांबासारखे सग्वारो निवडुंग खडकाळ उतारांवर जोमाने वाढतात आणि जसजसं वर जावं तसतसे दक्षिणेकडच्या उन्हाच्या अंगालाच उरतात. तिथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फॉरेस्ट श्रीव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये त्याचा उलगडा केला. रात्रीपुरती गोठवणारी थंडी सग्वारो सोसतो; दिवस उजाडूनही बर्फ वितळला नाही आणि गोठण सलग लांबली, तर तो मरतो.

म्हणून ओढ्याच्या पात्रातली मऊ, सपाट वाळू कितीही मोहात पाडो, ती टाळावी. थंड हवा तिथेच साचते, आणि वर कुठे वादळी पाऊस झाला तर लोंढाही तिथूनच येतो. पन्नासेक मीटर चढून उतारावरचा एखादा टप्पा शोधावा. माथ्याची धार मात्र नको, तिथे वारा सगळी ऊब ओरबाडून नेतो. टप्पा वाऱ्याच्या आडोशाला आणि पूर्वेकडे उघडा असेल तर उत्तमच. टूसॉनच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरची रात्र जवळपास १४ तासांची असते. सकाळचं ऊन अर्धा तास लवकर मिळालं तरी हातपाय मोकळे होतात.

त्याच अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४-३५ अंश वर येतो. त्याहून तीव्र असलेल्या उत्तरेकडच्या उतारावर त्या दिवशी थेट ऊन पडतच नाही. दक्षिणेच्या सोंडेवर धूळ उडत असते आणि खिंड ओलांडून पलीकडे पाऊल टाकलं की कडक झालेला बर्फ. वाळवंट म्हणून बुटांचे काटे घरी ठेवून आलेल्यांची फसगत इथे होते.

त्या बर्फाकडे पाहून पाण्याचा हिशेब मात्र करू नये. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. इंधन झपाट्याने संपतं. त्यात स्टोव्हच्या डब्यातलं ब्युटेन हे इंधन साधारण शून्याच्या अर्धा अंश खाली उकळतं, त्याहून थंडीत त्याचा जळण्याजोगा वायू नीट होत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ही मर्यादा थोडी खाली सरकते, पण पहाटेच्या गारठ्यात स्टोव्ह मलूल होतोच. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतं, पण दोन्ही इंधनं मिसळलेल्या डब्यातून तेच आधी संपत जातं. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावं. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातलं पाणी जातं आणि थंडीत तहान फारशी लागत नाही, म्हणून घोटघोट पीत राहावं. बाटली रात्री उलटी ठेवावी. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे बर्फ बुडाशी राहतो आणि सकाळी झाकण उघडतं.