शाळा सुटली म्हणून लग्न, की लग्नासाठी शाळा सुटली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) 25 ते 49 वयाच्या स्त्रियांना पहिल्या लग्नाचं वय विचारलं होतं. शाळेत कधीच न गेलेल्यांचं मध्यक वय निघालं 17.2 वर्षं आणि बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचं 22.7. फरक साडेपाच वर्षांचा! पण शिकल्यामुळे लग्न लांबलं, की लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली? की घरची गरिबीच दोन्हीच्या मुळाशी आहे? नुसत्या अशा आकड्यांवरून हे कळत नाही.

एरिका फील्ड आणि अटिला अँब्रस या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 साली बांगलादेशाच्या संदर्भात यावर सुरेख तोड काढली. तिथल्या खेड्यांत पाळी आल्याशिवाय मुलीचं लग्न सहसा करत नाहीत, आणि पाळी कधी यावी हे काही आईवडील ठरवत नाहीत. म्हणजे पाळी उशिरा आलेल्या मुलींना निसर्गानंच मुदतवाढ दिलेली असते. अशा मुली जास्त शिकल्या का, हे त्यांनी तपासलं. 11 ते 16 या वयात लग्न जितकी वर्षं लांबलं, त्यातल्या दर वर्षामागे शिक्षण सरासरी 0.22 वर्षानं वाढलेलं दिसलं. लग्न शाळा तोडतं, याचा हा भक्कम पुरावा.

उलट दिशेचा, म्हणजे शाळा लग्न लांबवते याचा, पुरावा पश्चिम केनियातला. तिथे काही प्राथमिक शाळांतल्या मुलांना गणवेश फुकट दिले. गळती कमी झालीच, शिवाय मुलींची कोवळ्या वयातली लग्नंही घटली.

आपल्याकडे बीडमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला जोडीदारीण मिळाली की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे, आईबाप सहा-सहा महिने दूर उसाच्या फडावर. वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण 21.9 टक्के होतं.

मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि लग्नाचं कायदेशीर वय अठराला येतं. मधल्या चार वर्षांत मुलीला राहायला वसतिगृह आणि जायला हायस्कूल मिळालं, तर आईबापांना तिला मागे ठेवून फडावर जाता येईल. माझ्या मते बालविवाहविरोधी फलकांआधी पैसा इथे खर्च व्हायला हवा.