वजनकाट्याचा रोजचा आकडा कसा वाचावा

वजन कमी करण्यापेक्षा कमी केलेले वजन टिकवणे अधिक कठीण असते, हे ज्यांनी एकदा तरी आठ-दहा किलो उतरवले आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यामागची शरीराची यंत्रणा आता बऱ्यापैकी समजली आहे. चरबी घटली की चरबीच्या पेशींतून रक्तात येणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो आणि भूक वाढवतो. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेल्या हिशोबानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दररोज सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते, तर शरीराचा ऊर्जाखर्च दररोज वीस-तीस किलोकॅलरींनी घटतो. ही ओढ रोजच्या रोज जाणवत नाही. दुसऱ्यांदा घेतलेला भात, संध्याकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटे अशा रूपात ती येते, आणि कपडे अंगाला घट्ट होऊ लागेपर्यंत तीन-चार किलो परत आलेले असतात. नियमित वजन करण्याचा सर्वांत मोठा उपयोग याच टप्प्यावर आहे, असे उपलब्ध पुरावा पाहता म्हणावेसे वाटते.

या पुराव्यातील महत्त्वाचा प्रयोग ब्राउन विद्यापीठाच्या रीना विंग यांचा आहे. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या दोन वर्षांत आपल्या वजनाच्या किमान दहा टक्के वजन उतरवलेली ३१४ माणसे त्यात होती. त्यांचे तीन गट केले गेले. एका गटाला फक्त माहितीपत्रके पाठवली गेली, दुसऱ्याला इंटरनेटवरून मार्गदर्शन मिळाले आणि तिसरा गट प्रत्यक्ष भेटत राहिला. मार्गदर्शन मिळालेल्या दोन्ही गटांना रोज वजन करण्यास सांगितले होते, आणि त्या आकड्याला तीन रंगांची जोड दिली होती. सुरुवातीच्या वजनापेक्षा वाढ साधारण दीड किलोच्या आत असेल तर हिरवा, त्यापुढे पिवळा आणि २.३ किलो किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर लाल. पिवळ्यात गेलेल्याने आहार आणि व्यायामात कुठे ढिलाई झाली ते शोधून दुरुस्ती करायची, लाल रंगात गेलेल्याने वजन कमी करण्याचा मूळ कार्यक्रम पुन्हा सुरू करायचा, असे ठरलेले होते. अठरा महिन्यांनंतर माहितीपत्रके मिळालेल्या गटातील ७२.४ टक्के लोकांचे वजन २.३ किलो किंवा अधिक वाढले होते. इंटरनेटच्या गटात हे प्रमाण ५४.८ टक्के, तर प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात ४५.७ टक्के होते. या दोन्ही गटांत जे रोज काट्यावर उभे राहत होते, त्यांचे वजन परत वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली.

हे आकडे वाचून नुसता काटा विकत आणणाऱ्यांसाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील एक चाचणी उपयोगी आहे. तिथे १८३ लठ्ठ व्यक्तींपैकी निम्म्यांना काटा देऊन रोज वजन करण्यास सांगण्यात आले, तशी आठवणही पाठवली गेली, पण वाढलेल्या आकड्याचे काय करायचे याचे मार्गदर्शन फारसे नव्हते. तीन महिन्यांनी दोन गटांतील फरक जेमतेम अर्ध्या किलोचा होता, आणि तो योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ ठरला. विंग यांच्या प्रयोगात आकड्यामागोमाग करायची कृती आधीच ठरलेली होती. इथे ती नव्हती. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

त्याच शहरात नाताळच्या सुट्टीत झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. २७२ जणांपैकी अर्ध्यांना आठवड्यातून किमान दोनदा वजन करून नोंद ठेवण्यास सांगितले, काही साध्या सूचना दिल्या आणि सणाचा एखादा पदार्थ जिरवायला किती वेळ चालावे किंवा धावावे लागेल याचा तक्ता दिला. सुट्टी संपल्यावर त्यांचे सरासरी वजन ०.१३ किलोने उतरलेले होते, तर उरलेल्यांचे ०.३७ किलोने वाढले होते. फरक अर्धा किलो म्हणजे फार नाही. परंतु सणात चढलेले वजन बऱ्याचदा पुरते उतरत नाही आणि वर्षामागून वर्षे साठत जाते. आपल्याकडे गणपतीपासून दिवाळीच्या फराळापर्यंतचा काळ याहून बराच लांबतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा काट्यावर उभे राहण्याची सूचना इथेही लागू पडावी.

आता मुख्य अडचणीकडे वळू. काटा चरबी मोजत नाही. तो चरबी, स्नायू, हाडे, पाणी, पोटातले अन्न आणि आतड्यातला मळ या सगळ्यांचे मिळून वजन दाखवतो, आणि यात रोज खालीवर होते ते मुख्यतः पाणी. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर साधारण अर्धा किलो असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणूनच भात-पोळी एकदम बंद करणाऱ्याचे पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपाट्याने उतरतात आणि लग्नाच्या एका जेवणानंतर त्यातले बरेचसे परत दिसतात. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ पाणी धरून ठेवते. अनेक स्त्रियांना मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अशीच वाढ दिसते. याउलट एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. एका रात्रीत तेवढे कोणी खात नाही, त्यामुळे सकाळी दिसलेला जास्तीचा किलो चरबीचा असणे जवळजवळ अशक्य असते. त्यात आठवड्याचीही एक लय असते. शनिवार-रविवारी वजन थोडे चढते आणि सोमवारनंतर उतरते, असे रोजच्या नोंदी तपासणाऱ्यांना दिसले आहे.

तेव्हा एका दिवसाचा आकडा वाचूच नये. सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. मोजण्याची वेळ मात्र पक्की हवी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाणी घेण्याआधी, अंगावर रोज साधारण सारखेच हलके कपडे असताना मोजावे. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवावा आणि रोज त्याच जागी ठेवावा. डिजिटल काट्याच्या पायांत दाब मोजणारे संवेदक असतात. सतरंजीवर किंवा उंचसखल फरशीवर भार त्यांच्यावर नीट पडत नाही आणि आकडा बदलतो. दवाखान्यातल्या काट्याशी घरच्या काट्याचा आकडा जुळला नाही तरी चालते, कारण आपल्याला हवा असतो तो एकाच काट्यावरचा कल.

हा उपाय सर्वांसाठी नाही. खाण्याचे विकार असलेल्यांनी किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांनी तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय रोज वजन करू नये. अमेरिकेतील मिनेसोटात किशोरवयापासून तरुण वयापर्यंत केलेल्या पाहणीत, ज्या मुलींचे वारंवार वजन करण्याचे प्रमाण वाढत गेले त्यांच्यात वजनाची चिंता आणि निराशाही वाढलेली, तर स्वतःबद्दलचा आदर घटलेला आढळला. वाढत्या वयाच्या मुलामुलींना घरच्यांनी रोज काट्यावर उभे करणे मला तरी सर्वथा अयोग्य वाटते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे, आणि ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीराचा दाखला देऊन दाखवली. त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याला हा फरक कळत नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात तो याच कारणाने, आणि काट्यासोबत शिंप्याकडची टेप बाळगायची तीही याचसाठी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. तो पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर वजन स्थिर असले तरी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.